पाळत आणि पालन : वाचकाच्या पाऊलखुणा ही एक अमानत

भातशेतीच्या मुळशी तालुक्यातील माण या गावाच्या शिवारात आज हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा उभा आहे. या परिसरात जुम्याच्या नमाजला ज्या सफा उभ्या राहतात, त्यांत गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवलेले तरुण पुष्कळ असतात. त्यांतील काही जण नोकरी सांभाळून, दीनची सेवा म्हणून संकेतस्थळे चालवतात. कुणी नमाजच्या वेळा देतो, कुणी कुरआनच्या अर्थाचे मराठी विवेचन देतो, कुणी निकाह, तलाक, वारसा, कर्ज यांवरील प्रश्नांची उत्तरे आलिमांकडून घेऊन प्रसिद्ध करतो. अशा तरुणांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. वाचक कोणत्या पानावर आला, किती वेळ थांबला, कोठवर वाचले आणि कोठून निघून गेला, हे दाखवणारी साधने आज फुकट मिळतात. ती लावली तर लेखन सुधारता येते. मग ती वापरणे शरीअतच्या दृष्टीने योग्य आहे काय?

प्रश्न तांत्रिक दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी फार जुना नैतिक प्रश्न आहे. एखाद्याच्या भल्यासाठी, पण त्याच्या नकळत, त्याच्यावर नजर ठेवता येते काय? आईबाप, शिक्षक, इमाम, मालक, सरकार या सर्वांनाच तो लागू पडतो. मराठी भाषेने तर तो जणू एका धातूतच साठवून ठेवला आहे. 'पाळणे' याच क्रियापदाच्या घरात पालनपोषणाचा अर्थ नांदतो आणि 'पाळत' हा शब्दही त्याच घरातला. गुरे पाळणारा गुराखी लक्ष ठेवतो आणि पाळतीवर बसलेला हेरही लक्षच ठेवतो. दोघांचे डोळे सारखेच उघडे असतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक माणसाला गुराख्याची उपमा देऊन त्याला त्याच्या कळपाविषयी जाब विचारला जाईल असे बजावले आहे. तेव्हा गुराखी कोठे संपतो आणि हेर कोठे सुरू होतो, हे ओळखणे आपल्यावर बंधनकारक ठरते.

साधन नेमके काय करते?

हुकूम सांगण्याआधी वस्तुस्थिती नीट समजून घ्यावी, हा फिकहचा पहिला धडा आहे. ही साधने तीन पायऱ्यांवर काम करतात.

पहिली पायरी मोजणीची. आज किती लोक आले, कोणते पान किती वेळा उघडले गेले, मोबाईलवरून की संगणकावरून, एवढेच ती सांगते. गूगलने २००५ मध्ये गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट उपलब्ध केले तेव्हापासून ही मोजणी घरोघरी पोहोचली. दुसरी पायरी ओळखीची. 'कुकी' नावाची एक छोटी खूण वाचकाच्या यंत्रात ठेवली जाते, आणि तोच माणूस पुन्हा आला की ती खूण त्याला ओळखते. तिसरी पायरी निरीक्षणाची. वाचकाचे बोट पडद्यावर कोठे फिरले, कोठे थबकले, काय दाबले, याचा नकाशा तयार होतो. इतकेच नव्हे तर त्याच्या संपूर्ण भेटीचे जणू चलच्चित्र पुन्हा लावून पाहता येते. २०१४ मध्ये सुरू झालेले हॉटजार आणि २०२० पासून सर्वांना विनामूल्य मिळणारे मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी ही या पायरीची प्रसिद्ध साधने होत.

या तिसऱ्या पायरीचा धोका प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिला. जगातील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या ५०,००० संकेतस्थळांची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी ४८२ स्थळांवर वाचकाच्या हालचाली टिपून त्रयस्थ कंपनीकडे पाठवल्या जात असल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. अशा साधनांतून माणसाने चौकटीत लिहिलेला आणि न पाठवताच खोडून टाकलेला मजकूरही जाऊ शकतो, हे त्यांनी निदर्शनास आणले.

आता ही गोष्ट एखाद्या दीनी संकेतस्थळाला लावून पाहा. मध्यरात्रीनंतर एखादी भगिनी खुलाविषयीचे पान उघडते. प्रश्न विचारण्याच्या चौकटीत चार ओळी लिहिते, विचार बदलतो, खोडते, निघून जाते. तिने कुणालाच काही सांगितलेले नाही. तरी तिचे ते खोडलेले शब्द कुठेतरी शिल्लक राहू शकतात. मोठ्या शहरात ती लाखांत एक असेल. पण मराठी वाचणारा मुस्लिम समाज गावोगाव विखुरलेला आहे. एखाद्या लहान गावातून त्या वेळी येणारा वाचक एकच असेल, तर गावाचे नाव, वेळ आणि मोबाईलचा प्रकार एवढ्यावरून चालकाला तर्क करता येतो. नाव नोंदवले नाही म्हणजे ओळख पटत नाही, हा समज अशा समाजात फार पातळ ठरतो.

श्रोत्याकडे लक्ष देणे ही सुन्नत आहे

एवढे वाचून कुणी म्हणेल की वाचकाकडे पाहूच नये. हेही बरोबर नाही. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम यांत अशी नोंद आहे की हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) फक्त गुरुवारी उपदेश करीत. लोकांनी रोज बोलण्याचा आग्रह धरला तेव्हा ते म्हणाले की तुम्ही कंटाळाल याची मला भीती वाटते, आणि प्रेषित (स.) हेही आमच्याबाबत अशीच काळजी घेत असत. प्रेषित (स.) दीर्घ नमाजच्या इराद्याने उभे राहत आणि मागून मुलाच्या रडण्याचा आवाज आला की त्या आईच्या जिवाची घालमेल ओळखून नमाज आटोपती घेत.

हजरत मुआज (रजि.) यांचा प्रसंग तर आपल्या प्रश्नाला फारच जवळचा आहे. त्यांनी इशाच्या नमाजमध्ये सूरह अल्-बकरासारखी प्रदीर्घ सूरह सुरू केली. दिवसभर उंटांवरून पाणी वाहून थकलेला एक माणूस जमात सोडून बाजूला झाला, स्वतंत्र नमाज पढला आणि निघून गेला. मुआज (रजि.) यांनी त्याला मुनाफिक ठरवले. तक्रार प्रेषितांपर्यंत (स.) गेली तेव्हा त्यांनी निघून गेलेल्या माणसाला दोष दिला नाही, लोकांना संकटात टाकतोस काय, अशा शब्दांत इमामालाच खडसावले आणि लहान सूरह पढण्यास सांगितले.

यातून स्पष्ट होते की माणूस मधूनच का निघून गेला, हे जाणून घेणे आणि आपले बोलणे त्यानुसार सुधारणे ही उपदेशकाची जबाबदारी आहे. जकातीचा हिशेब समजावणाऱ्या लेखात बहुतेक वाचक तिसऱ्याच परिच्छेदाला थांबत असतील, तर दोष त्यांच्या ईमानमध्ये शोधण्यापूर्वी आपल्या मराठीत शोधावा. परंतु या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. जे कळले ते उघडपणे कळले. मुलाचे रडणे मस्जिदीत ऐकू आले. थकलेला माणूस सर्वांदेखत बाजूला झाला. कंटाळा चेहऱ्यावर दिसतो. कुणाच्या घरात डोकावून काहीही मिळवलेले नव्हते.

पाहुणा कोण आणि यजमान कोण?

डोकावण्याविषयी इस्लामची शिकवण अत्यंत कडक आहे. सूरह अल्-हुजुरातच्या १२ व्या आयतीत अल्लाहने अतिरिक्त संशय, टेहळणी आणि पाठीमागे निंदा या तिन्हींना एकापाठोपाठ मनाई केली आहे. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. संशयातून टेहळणी जन्मते आणि टेहळणीतून हाती आलेले जिभेवर येते. सूरह अन्-नूरच्या २७ व्या व २८ व्या आयतींत दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलामशिवाय न जाण्याचा, आणि परत जा म्हटले तर मुकाट्याने परतण्याचा आदेश आहे. हजरत सहल बिन सअद (रजि.) यांच्या कथनानुसार एका माणसाने प्रेषितांच्या (स.) खोलीत छिद्रातून डोकावले, तेव्हा त्यांना तीव्र संताप आला आणि परवानगीचा नियमच मुळी नजरेसाठी घालून दिला आहे, असे त्यांनी सांगितले. पाय आत पडण्याआधी डोळा आत पडतो, म्हणून बंदी डोळ्यावर आहे.

येथे आमचे तरुण मित्र एक आक्षेप घेतात आणि तो बिनतोड वाटतो. ते म्हणतात, "आम्ही कुणाच्या घरी गेलो नाही. वाचक आपण होऊन आमच्या दारी आला. आपल्या ओसरीवर कोण बसले हे पाहण्यात कसली टेहळणी?"

उत्तरादाखल साधनाच्या रचनेकडेच पाहावे लागेल. वाचकाने पान उघडले की आपण लिहिलेली आज्ञावली त्याच्या यंत्रात उतरते आणि तेथेच चालते. कुकी त्याच्याच मोबाईलमध्ये ठेवली जाते. बोटांची हालचाल त्याच्याच पडद्यावरून टिपली जाते. तो आपल्या ओसरीवर आला हे खरे. पण त्याच भेटीचा लाभ घेऊन आपण त्याच्या माजघरात माणूस बसवून आलो. आणि आजच्या काळात मोबाईल हे माजघराहूनही आतले दालन आहे. शिवाय वाचक पाहुणाच आहे असे मानले तरी आक्षेप टिकत नाही. अल्लाहवर आणि अंतिम दिवसावर ईमान असणाऱ्याने पाहुण्याचा सन्मान करावा, ही प्रेषितांची (स.) आज्ञा आहे. पाहुण्याची पिशवी तपासणारा यजमान आपल्याकडे कुलीन समजला जात नाही.

दुसरा आक्षेप हेतूचा. "आम्ही कुणाचे दोष शोधत नाही, केवळ सेवा सुधारतो." हेतूवर कर्माचे मोल ठरते हे खरेच, पण चांगला हेतू निषिद्ध साधनाला वैध करीत नाही. इमाम गझाली (रह.) यांच्या 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात हजरत उमर (रजि.) यांची एक कथा दिली आहे. एका घरात गैरकृत्य चालल्याच्या संशयाने ते भिंतीवरून आत उतरले. तो माणूस गुन्हा करताना सापडला. पण त्याने खलीफांनाच विचारले की माझा अपराध एक आहे, तुमचे तीन. तुम्ही टेहळणी केली, दरवाजा सोडून भिंतीवरून आलात आणि सलाम न करता आत शिरलात. उमर (रजि.) यांनी ते मान्य केले, त्याच्याकडून सुधारण्याचे वचन घेतले आणि ते परतले. त्यांच्याहून शुद्ध हेतूचा शासक कोठून आणावा? तरीही भिंत ती भिंतच राहिली.

मौन म्हणजे होकार नव्हे

मग दरवाजाने आत यायचे म्हणजे काय? परवानगी मागायची. आज बहुतेक संकेतस्थळे खाली एक पट्टी दाखवतात : पुढे वाचत राहिलात तर तुमची संमती आहे असे समजू. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) हे हजरत उमर (रजि.) यांच्या दारी गेले, त्यांनी तीन वेळा परवानगी मागितली, आतून उत्तर आले नाही, आणि ते परत फिरले. उमर (रजि.) कामात होते. नंतर त्यांनी कारण विचारले तेव्हा अबू मूसा (रजि.) यांनी प्रेषितांची (स.) शिकवणच अशी असल्याचे सांगितले आणि त्यासाठी साक्षही आणली. नकार नव्हता; केवळ मौन होते. त्या मौनाचा अर्थ त्यांनी परत जाणे असाच घेतला. फिकहच्या ग्रंथांतही गप्प राहिलेल्या माणसाच्या नावे विधान जोडू नये, हा सर्वसाधारण नियम आहे. निकाहमध्ये कुमारिकेचे मौन संमती मानले जाते हे खरे; पण तेथे तिला आधी स्पष्टपणे विचारलेले असते. न विचारता गृहीत धरलेले मौन त्या अपवादात बसत नाही.

देशाचा कायदाही याच दिशेने आला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. संमती मुक्त, निश्चित, माहितीपूर्ण आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी, ती देण्याइतकेच मागे घेणेही सोपे असावे, असे हा कायदा सांगतो. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांत, म्हणजे मराठीत आणि उर्दूतही, वाचण्याची सोय असावी असेही तो सांगतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर नजर ठेवण्यास, ठरावीक अपवाद सोडून, त्यात मनाई आहे. मकतबच्या मुलांसाठी कायदा किंवा दुआ शिकवणारी अ‍ॅप बनवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. दिलेले करार पाळण्याचा आदेश सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे, आणि ज्या देशात आपण राहतो त्याचा न्याय्य कायदा हाही एक करारच आहे.

आपल्या हातून निसटलेली अमानत

समजा, परवानगी घेतली. तरी जबाबदारी संपत नाही. खरे तर तेथून ती सुरू होते. एखाद्याने काही सांगताना आजूबाजूला पाहिले, तर ते सांगणे अमानत ठरते, असे प्रेषितांचे (स.) कथन हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितले आहे. 'कुणाला सांगू नका' असे म्हणण्याचीही गरज नाही. मान वळली, एवढेच पुरे. वाचक एकांतात वाचतो, हेच त्याचे मान वळवून पाहणे आहे.

ही अमानत कोठवर वाहत जाऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच समाजाच्या वाट्याला आले. नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणाऱ्या मुस्लिम प्रो या अ‍ॅपचे नऊ कोटींहून अधिक डाउनलोड झालेले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मदरबोर्ड या नियतकालिकाने असे वृत्त दिले की या अ‍ॅपमधील वापरकर्त्यांच्या ठावठिकाण्याची माहिती एक्स-मोड नावाच्या दलाल कंपनीकडे जात होती, आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकन लष्कराचे कंत्राटदार होते. अ‍ॅपच्या चालकांनी लष्कराला थेट माहिती विकल्याचा आरोप नाकारला आणि त्या कंपनीशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच दलाल कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. ज्याने किब्ला शोधण्यासाठी बटण दाबले, त्याला आपली माहिती कोणकोणत्या हातांत जाईल याची कल्पना तरी होती काय? फुकट मिळणाऱ्या साधनाची किंमत कुणीतरी चुकवत असतो. ती आपण चुकवत नसू, तर बहुधा आपला वाचक चुकवतो.

आकड्यांचा नफ्सवर होणारा परिणाम

आतापर्यंत वाचकाच्या हक्काचा विचार केला. लिहिणाऱ्याच्या अंतःकरणाचाही करायला हवा. दररोज सकाळी आकडा पाहण्याची सवय लागली की हळूहळू आकडाच विषय निवडू लागतो. जिन्न आणि कियामतच्या खुणा यांवरील लेख भराभर वाचला जाईल. मुलीचा वारसाहक्क सांगणारा लेख लोक अर्ध्यावर सोडतील. आकड्याचे ऐकायचे तर पहिला विषय महिन्यातून चारदा लिहावा आणि दुसरा कायमचा वगळावा. परंतु मुलीचा वाटा सूरह अन्-निसाच्या ११ व्या आयतीत अल्लाहने ठरवून दिला आहे, आणि लोक तेथून उठून जातात हेच तो पुन्हा सांगण्याचे कारण आहे. मुआज (रजि.) यांना सूरह लहान करण्यास सांगितले गेले, नमाज वगळण्यास नव्हे. सांगण्याची रीत श्रोत्याकडे पाहून बदलावी, सत्य बदलू नये.

हजरत नूह (अ.) साडेनऊशे वर्षे आपल्या लोकांत राहिले आणि फार थोड्यांनी ईमान आणले, असे कुरआन सांगतो. कियामतच्या दिवशी काही प्रेषित एक-दोन अनुयायांसह येतील आणि काहींसोबत एकही नसेल, असे हदीसमध्ये आले आहे. आजच्या डॅशबोर्डवर त्यांचे कार्य अपयशी दिसले असते. उलट सूरह अबसमध्ये प्रेषितांना (स.) प्रेमळ ताकीद मिळाली ती कुरैशच्या सरदारांकडे लक्ष देताना तळमळीने आलेल्या एका अंध साथीदाराकडे दुर्लक्ष झाल्याबद्दल. सरदारांच्या मागे हजारो होते, अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) एकटेच होते. अल्लाहच्या तराजूत त्या एकाची तळमळ जड ठरली. तळमळ मोजणारे साधन अद्याप कुणी बनवलेले नाही.

मग करावे काय?

माझ्या अल्प अभ्यासानुसार मार्ग असा दिसतो. निव्वळ मोजणी, जिच्यातून कुणाचीही ओळख लागत नाही, ती वैध आहे आणि चांगल्या हेतूने उपयुक्तही आहे. ती शक्यतो आपल्याच सर्व्हरवर ठेवावी. मॅटोमोसारखी मुक्त साधने त्यासाठी उपलब्ध आहेत. वाचकाला ओळखणारी खूण ठेवायची असेल तर साध्या मराठीत आधी विचारावे, 'हो' आणि 'नाही' ही दोन्ही बटणे सारख्याच आकाराची ठेवावीत, आणि 'नाही' म्हणणाऱ्यालाही सर्व मजकूर तितक्याच आदराने वाचू द्यावा. भेटीचे चित्रण करणारी साधने प्रश्नोत्तरांच्या, कौटुंबिक वादांच्या आणि आजाराच्या पानांवर मुळीच लावू नयेत. काम संपले की माहिती पुसून टाकावी. आणि सर्वांत सोपा उपाय विसरू नये : वाचकालाच विचारावे. लेखाखाली 'समजले काय, काय अवघड गेले?' एवढे विचारले तर जे उत्तर मिळेल ते दरवाजाने आलेले असेल.

जे बंधू कंपनीत नोकरी म्हणून हेच काम करतात, त्यांची नोकरी एवढ्यावरून हराम ठरत नाही. मात्र आपल्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक चौकटीबाबत 'ही माहिती खरोखर लागते काय?' असा प्रश्न बैठकीत विचारण्याचे धैर्य दाखवणे हा अमानतीचाच भाग आहे. कुटुंबांनीही आपल्या बाजूने जागे राहावे. माणहून किब्ला पश्चिमेकडे, किंचित उत्तरेस आहे. तो रोज बदलत नाही. त्यासाठी अ‍ॅपला दिवसरात्र आपला ठावठिकाणा देत राहण्याचे कारण नाही. आणि आपल्या तरुण मुलांच्या मोबाईलवर गुपचूप पाळत ठेवणाऱ्या पालकांनी हजरत मुआविया (रजि.) यांनी सांगितलेली हदीस आठवावी : लोकांच्या उणिवांच्या मागे लागाल तर त्यांना बिघडवाल. लहान मुलाचे रक्षण उघडपणे करावे, नियम त्याला सांगून करावे. ज्याला सांगण्याची आपल्याला लाज वाटते, ते बहुधा पालन नसून पाळत असते.

सर्व काही पाहणारा एकच आहे. माणसाच्या मनात उठणारे विचारही तो जाणतो आणि त्याच्या मानेच्या रक्तवाहिनीहून निकट आहे, असे सूरह काफ सांगते. पण तो आपल्या संपूर्ण ज्ञानाचे काय करतो, हे हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये आले आहे. हिशेबाच्या दिवशी तो श्रद्धावंताला जवळ घेईल, त्याच्यावर आपले आवरण घालील, त्याला त्याचे गुन्हे एकेक करून आठवून देईल, आणि मग सांगेल की जगात मी हे झाकून ठेवले होते, आज मी ते माफ करतो. ज्याला सर्व काही ठाऊक आहे तो झाकतो. मग ज्यांना दुसऱ्याविषयी थोडेसेच कळले आहे, त्यांनी ते साठवावे, विकावे की झाकावे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

अल्लाह आपल्या नजरेला हया, आपल्या लेखणीला निष्ठा आणि आपल्या हाती आलेल्या प्रत्येक अमानतीला सुरक्षितता देवो. आमीन.